स्प्लेंडरवरून मोठी गाडी: जांबोटी, चोर्ला, आंबोलीच्या रस्त्यांसाठी काय घ्यावं?

जांबोटीरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहणार खानापूर तालुक्यात, कामाला बेळगावच्या उद्यमबागेत. सध्या स्प्लेंडर आहे आणि तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. रोजच्या जाण्यायेण्याला तिच्यासारखी गाडी नाही. पण सासुरवाडी सावंतवाडीची आणि बहीण दिलीय गोव्यातल्या साखळीला, त्यामुळे महिन्यातून एखाद-दोनदा आंबोली नाहीतर चोर्ला घाट ठरलेलाच. मागे बायको, पाठीला सॅक, परतताना नारळ-कोकमाची पिशवी. एवढं ओझं घेऊन शंभर सीसीची गाडी चढाला दुसऱ्या गिअरवर येणार, त्यात गाडीचा दोष नाही. पण मागून गोव्याच्या कारवाले हॉर्न देत असतात आणि पुढं कोळशाचा ट्रक असला की ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही.

बजेट ऑन रोड अडीच लाख, थोडं इकडेतिकडे चालेल. माझी उंची पाच फूट पाच इंच. गावातला शेवटचा तुकडा कच्चा आहे, पावसाळ्यात नुसता लाल चिखल. यादी अशी: रॉयल एन्फिल्डच्या हंटर ३५० आणि क्लासिक ३५०, होंडा सीबी३५०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, हीरो एक्सपल्स २१०, ट्रायम्फ स्पीड ४००. मित्र म्हणतात ४०० च घे, पुन्हा पुन्हा गाडी होत नाही. घरचे म्हणतात १२५ पुरे. पाडव्याला गाडी दारात यावी अशी फार इच्छा आहे. ज्यांनी हे रस्ते पावसात, डबल सीट चालवलेत त्यांनी मनापासून सांगा. व्हिडिओ भरपूर बघितले, पण ते बेंगळुरू-पुण्याच्या रस्त्यांवरचे. कणकुंबीच्या धुक्यात काय होतं ते त्यात कुणी सांगत नाही.

निपाणीकर

भाऊ, ४०० च घ्या. मी स्पीड ४०० वापरतो, निपाणी-बेळगाव हायवे माझा नेहमीचा. ४० पीएस ताकद आहे, तवंदी घाटात एक गिअर खाली घेतला की झालं. गळिताच्या हंगामात संकेश्वरच्या अलीकडं-पलीकडं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं लाईट नाही, साधा रिफ्लेक्टरही नाही. त्यांना ओलांडताना ताकद हाताशी असणं हीच सुरक्षितता. ३५० वाल्या गाड्या २०-२१ पीएसच्या, म्हणजे निम्मा फरक. वजनातही स्पीड ४०० फक्त १७६ किलो, हंटरपेक्षा कमीच. आणि सर्व्हिस १६,००० किमीला किंवा वर्षाला.

रामलिंगखिंड

गाडी चांगली आहे यात वाद नाही. पण अडीच लाख बजेट म्हटलंय, तेव्हा पैशाचं आधी बघू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वर मात्र सरळ ४० टक्के. आधी तिथं सेस धरून ३१ टक्के होता. कंपन्या आपल्या खिशातून थोडं सोसतीलही, पण ३४९ आणि ३९८ सीसीतलं अंतर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

दुसरं, आपण केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगवाले. कर्नाटकात एक लाखाच्या वरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के, त्यावर सेस वेगळा. पलीकडं महाराष्ट्रात ३०० सीसीच्या वरच्या गाडीलाही १२ टक्केच. दोन लाखांची गाडी धरली तर इथं ३६,००० आणि तिथं २४,०००. कोल्हापूरच्या पाव्हण्यानं सांगितलेला ऑन रोड आकडा बेळगावात लागू होत नाही तो यामुळे. इथल्या शोरूमचं लेखी कोटेशन घ्या.

तिसरं, विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरानं १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. त्यावर जीएसटी आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. सगळं जोडून बघा, ४०० सीसीची गाडी अडीच लाखांत बसत नाही.

खानापूर_पॅसेंजर

मग चंदगडच्या कुणाच्या तरी पत्त्यावर एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचं पासिंग करून घ्या की. शिनोळी आलं की महाराष्ट्र. कितीतरी जणांनी केलंय.

चंदगडकर

नको. दुसऱ्याच्या पत्त्यावर गाडी म्हणजे कागद त्याच्या नावाचे, विमा त्याच्या नावाचा, उद्या काही झालं तर क्लेमला तुम्ही कोण? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथं ठेवली की नंबर बदलून घ्यावाच लागतो, तेव्हा इथला कर भरणं आलंच. बेळगावात रोज उभी असणारी एमएच-०९ गाडी आरटीओवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी सीमेच्या अलीकडचा, माझी गाडी खरोखरच एमएच-०९ आहे, तरी हिंडलग्याच्या पुढं कागद दाखवावे लागतात.

जुनी गाडी घ्यायची असेल तर गोष्ट निराळी. कोल्हापूर-गडहिंग्लज भागात चांगल्या राखलेल्या जुन्या हिमालयन ४११, डॉमिनार ४०० मिळतात. तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ घ्यायचा, आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा उतरलाय का ते बघायचं, चेसी नंबर स्वतः डोळ्यांनी आरसीशी ताडून बघायचा. इथला कर गाडीच्या वयाप्रमाणे भरून तिथला उरलेला परत मागता येतो, पण त्याला हेलपाटे आहेत.

मिस्त्री_अनगोळ

पावणं, मी अनगोळात गॅरेज चालवतो. लोकं सीसी विचारून गाड्या घेऊलाल्यात, वजन कोण विचारत नाही. स्प्लेंडर ११२ किलोची हाय. तुमच्या यादीत सगळ्यात हलकी व्ही-स्ट्रॉम, १६७. एक्सपल्स १६८. हंटर आणि सीबी३५० हायनेस १८१. क्लासिक १९५. म्हणजे ५५ ते ८३ किलो जास्त. एक आख्खा माणूस जास्तीचा उचलायचा.

गाडी पळताना हे वजन कळत नाही. कळतं ते गल्लीत गाडी मागं घेताना, चिखलात पाय टेकताना, उतारावर स्टँड लावताना. आणि धुक्यात वळणावर एकदम गवा दिसला, मागं बाईमाणूस बसलंय, रस्ता ओला, आणि जागच्या जागी उभं राहायचंय, तेव्हा कळतं. जांबोटीच्या पुढं भीमगडचं जंगल लागतंय, रात्री गवं रस्त्यावर उभं असतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता ताकदीचं. नुसतं पीएस बघू नका, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतोय ते बघा. सीबी३५० हायनेसचा ३० एनएम ३००० आरपीएमला. हंटर, क्लासिक आणि एन्फिल्डचीच मीटिअर, तिघांचं इंजिन एकच, २७ एनएम ४००० ला. व्ही-स्ट्रॉमचा २२.२ एनएम ७३०० ला. एक्सपल्स २१० चा २०.७ एनएम ७२५० ला. स्पीड ४०० चा ३७.५ एनएम, पण ६५०० ला. चोर्ल्यात तुम्ही डबल सीट, वळणावर वीस-पंचवीसच्या स्पीडनं चढताय. तिथं इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढत असलं पाहिजे. वरच्या फेऱ्यांची ताकद हायवेवाल्यांना. स्प्लेंडरवाला माणूस गाडी रेटत नाही, लवकर वरचा गिअर टाकतो, हाताला ती सवय असती. त्या हाताला ३५० चं इंजिन लगेच जुळतंय.

निपाणीकर

मिस्त्रीकाका, कमाल आकडा वर मिळतो म्हणजे खाली काहीच नाही असं होत नाही. ३७.५ मधला खालचा भागसुद्धा कमी नसतो. मी आंबोलीला डबल सीट गेलोय, गाडी कुठं दमली नाही.

मिस्त्री_अनगोळ

ते खरं हाय. चारशेची ताकद कमी पडणार असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आधी २०० ची गाडी चालवून मग ४०० ला आलात, हे शंभरवरून येऊलालेत. आठ पीएसवरून चाळीसवर. ओल्या रस्त्यावर ॲक्सिलेटर जरा जास्त पिळला गेला तर शंभरची गाडी माफ करते, चाळीस पीएसची करंल की नाही ते नशिबावर.

शहापूरची_रायडर

धागाकर्ते दादा, उंचीचं बोलते, कारण ते मला रोज भोगावं लागतं. मी पाच फूट दोन. मीटिअर ३५० चालवते आणि तुमच्या यादीत ती नाही याचं नवल वाटलं.

सीटची उंची अशी: व्ही-स्ट्रॉम ८३५ मिमी, एक्सपल्स २१० ची ८३० च्या आसपास, क्लासिक ८०५, सीबी ८००, स्पीड ४०० ची ७९०. मीटिअर ७६५. सात सेंटिमीटर म्हणजे किती, ते चवड्यावर उभं राहिल्यावर समजतं. एकट्यानं चालवताना एका पायाचा चवडा टेकला तरी चालतं, मीही क्लासिक तशी चालवलीय. पण मागं माणूस बसतं-उतरतं तेव्हा गाडीचं वजन एकदम एका बाजूला येतं. त्या क्षणाला दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत, आणि ती जमीन लाल चिखलाची असेल तर दुप्पट हवेत. मिस्त्रीकाकांनी वजन सांगितलं ते बरोबरच आहे. मीटिअर १९१ किलोची, वजन कमी नाही. पण खाली बसलेलं १९१ किलो आणि उंचावर बसलेलं १६७ किलो यांत मला पहिलं सोपं जातं.

दुसरी गोष्ट कुणी विचारलीच नाही. वहिनी कशा बसतात? साडीत, एका बाजूला? आपल्याकडं आई-सासूबाई बहुतेक तशाच बसतात. गाडी कुठलीही घ्या, साडी गार्ड असतंच, पण एका बाजूला बसणाऱ्याला पाय ठेवायची रुंद पायरी वेगळी बसवून घ्यावी लागते. ज्या गाडीची मागची सीट उंच आणि आखूड, तिच्यावर एका बाजूला बसून घाट उतरणं म्हणजे मागच्या बाईला शिक्षा. घाटात तरी ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसायला सांगा आणि आयएसआय मार्कचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट दोघांनाही घ्या. त्या पैशात काटकसर नको.

टेस्ट राइडला वहिनींना घेऊन जा. शोरूमवाले एकट्याला काँग्रेस रोडवर एक चक्कर मारून आणतात, त्यातून तुमच्या कामाचं काहीच कळत नाही.

जांबोटीरोड (धागाकर्ता)

ताई, मीटिअर मी बघितलीच नव्हती. ती म्हणजे हौशी लोकांची गाडी अशी उगीच समजूत होती. बायको ड्रेसमध्येच बसते, पण आई साडीत आणि एका बाजूला. आईला दवाखान्याला बेळगावात आणावं लागतं, ते अजून स्प्लेंडरवरून होतं. पायरीचं नक्की लक्षात ठेवतो.

मिस्त्रीकाका, एक विचारू? मोठ्या गाड्यांना किक नसते म्हणतात. आमच्याकडं पावसात दिवस-दिवस वीज नसते, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि बॅटरी उतरली तर काय?

मिस्त्री_अनगोळ

३५० वाल्यांना किक नाही, खरं हाय. इंजेक्शनची गाडी, बॅटरी पार उतरली तर ढकलूनही चालू होणं कठीण, कारण पेट्रोल पंपालाच करंट लागतोय. पण आठवड्यानं बॅटरी उतरत नाही. चांगल्या बॅटरीला दोन-तीन आठवडे काही होत नाही. बाहेरून हॉर्न, फॉग लॅम्प, मोबाईलचा चार्जर असलं जोडताना वायर कापून जोडू नका, रिले घालून घ्या. बॅटऱ्या उतरतात त्या बहुतेक असल्या जोडण्यांनी. आणि गाडी नुसती जागेवर चालू करून ठेवू नका, चांगली वीसेक मिनिटं चालवून आणा.

गुंजी_स्टेशन

एक्सपल्सबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी जुनी एक्सपल्स २०० चालवतो, अनमोड-लोंढा भागात रस्त्याची कामं सुरू असली की माझ्यासारखा निवांत माणूस नसतो. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, खड्ड्यांवर उभं राहून चालवता येतं. पण खरं सांगतो, मी सहा फूट उंच आणि बहुतेक वेळा एकटा. पाच-पाच उंची आणि मागं कायम माणूस, तर ही तुमची गाडी नव्हे. शिवाय एकवीस इंची पुढचं चाक स्पोकचं आणि ट्यूबचं. कणकुंबी ते चोर्ला पट्ट्यात पंक्चर झालं तर ट्यूब काढून बसावं लागतं.

रामलिंगखिंड

ट्यूबचा मुद्दा महत्त्वाचा. क्लासिकच्या स्पोकच्या व्हेरियंटना ट्यूब आहे, अलॉयवाल्यांना ट्यूबलेस. हंटरचे अलॉय ट्यूबलेस. मीटिअरच्या बहुतेक व्हेरियंटना अलॉय, व्ही-स्ट्रॉमलाही अलॉय. ट्यूबलेसमध्ये खिळा गेला तरी हवा हळूहळू जाते, पंक्चर किट जवळ असलं की जागेवर काम होतं. नुसत्या दिसण्यासाठी स्पोक घेऊ नका.

आणि स्वस्तातलं व्हेरियंट घेताना ब्रेक बघा. हंटर आणि क्लासिकच्या सगळ्यात खालच्या व्हेरियंटला मागं ड्रम आणि एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला. तुमच्या रस्त्यांना ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएसच पाहिजे.

निपाणीकर

एबीएसबद्दल सहमत, मात्र एक सांगतो. ओल्या डांबरावर एबीएस देवासारखं धावून येतं, पण सुट्या खडीवर आणि चिखलात गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, कारण चाक अडकत नाही, घसरत-सोडत जातं. रस्त्याचं काम सुरू असलेल्या पट्ट्यात एबीएस आहे म्हणून बिनधास्त जाऊ नका, स्पीडच कमी ठेवा.

मिस्त्री_अनगोळ

ब्रेकचं निघालंच तर अजून सांगतो, हे सगळ्यात कामाचं. स्प्लेंडरवाल्यांचा सगळा भरवसा पायाच्या ब्रेकवर. मोठ्या गाडीला थांबवायचं मुख्य काम पुढचा डिस्क करतोय. नवी गाडी आली की मोकळ्या मैदानात जाऊन आधी पुढचा ब्रेक बोटांनी हळूहळू वाढवत दाबायला शिका, मागचा सोबत. हँडल सरळ असताना. वळणात झुकलेल्या गाडीला ब्रेक नाही, जे काय स्पीड कमी करायचं ते वळणाच्या आधी.

घाट उतरताना न्यूट्रल करायची एक वाईट खोड हाय आपल्याकडं, पेट्रोल वाचतंय म्हणून. दोनशे किलोची गाडी आणि दोन माणसं, सगळं वजन ब्रेकवर. आंबोलीच्या उतारावर ब्रेकमधनं वास येऊलालाय म्हणून थांबलेली माणसं मी बघितलीत. ज्या गिअरवर घाट चढला असता त्याच गिअरवर उतरायचं, क्लच सोडलेला, इंजिन गाडी धरून ठेवतंय. आणि इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलेटर पूर्ण सोडून गिअरवर उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच होतंय, म्हणजे न्यूट्रल करून वाचत काही नाही.

खानापूर_पॅसेंजर

हे माहीत नव्हतं काका. मी आजपर्यंत न्यूट्रलवरच उतरत आलो. आता नाही उतरणार.

ॲव्हरेजचं काय? ई-२० पेट्रोलनं कमी होतंय म्हणतात.

रामलिंगखिंड

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी, तेव्हा थोडं कमी होणारच. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून ते बनतं, त्यामुळे शेतकऱ्याला ऊसबिलाचा आधार, ती बाजूही धरली पाहिजे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-पाइप त्यासाठी बनवलेले आहेत. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. ३५० ला स्प्लेंडरच्या निम्म्याच्या आसपास ॲव्हरेज धरून चला, म्हणजे महिन्याच्या हिशोबात फसगत होणार नाही. साखळीला जाताच आहात तर टाकी गोव्यात भरा, तिथं स्वस्त पडतं.

जांबोटीरोड (धागाकर्ता)

मंडळी, टेस्ट राइड झाल्या. बायकोला घेऊन गेलो, सगळ्या गाड्यांवर बसवलं. शोरूमवाल्यांनी आधी एकट्यालाच दिली, पण ती ठाम राहिली की मागं मी बसणार तर मी पण येणार.

व्ही-स्ट्रॉम चालवायला फार आवडली, हलकी आहे आणि खड्ड्यांत मऊ जाते. पण चढावर थांबून ती उतरताना चवडेच टेकत होते, आणि ताईंनी सांगितलेला क्षण नेमका तोच. उंची असती तर हीच घेतली असती. सीबी३५० चं इंजिन फार गुळगुळीत, तिसऱ्या गिअरवर तीसच्या स्पीडनं बिनकुरकुर ओढते. क्लासिक ओळखीच्या एकाची मिळाली, अलॉयची, ती थेट किणयेच्या रस्त्यानं वर नेऊन आणली. मीटिअरवर बसल्याबरोबर दोन्ही पाय सपाट टेकले, बायको चढली-उतरली तरी गाडी हलली नाही. मागच्या सीटला पाठ टेकायला आधार लावता येतो हे तिला सगळ्यात पटलं. टाकी १५ लिटरची, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. स्पीड ४०० मुद्दाम चालवली नाही. चालवली असती तर मन तिकडंच गेलं असतं, आणि कोटेशन बजेटच्या बाहेर आहे.

आता मीटिअर की सीबी, एवढंच उरलंय.

शहापूरची_रायडर

माझी बाजू तुम्हाला माहीत आहे, तरी मीटिअरची दुसरी बाजूही सांगते. पाय पुढं असतात, त्यामुळे खड्डा आला की फुटरेस्टवर उठून अंग हलकं करता येत नाही. सगळा दणका कमरेला. जांबोटीच्या पुढं रस्ता उखडलेला असला की मी सरळ तीस-पस्तीसवर येते. घाईचा स्वभाव असेल तर सीबी घ्या, तिच्यावर बसणं सरळ आहे. आणि मीटिअर लांब गाडी, गल्लीत एका फेरीत वळत नाही.

मिस्त्री_अनगोळ

दोन्ही गाड्या चांगल्या. मी एवढंच विचारतो, तुमच्या खानापुरात कुठल्या गाडीचं काम हातानं कळणारा माणूस हाय? चेन, ब्रेक पॅड, क्लच केबल ह्याच्यासाठी प्रत्येक वेळेला बेळगावला यायचं म्हणजे एक दिवसाची रजा. ज्याच्यासाठी रजा पडत नाही ती गाडी घ्या.

निपाणीकर

मी सुरुवातीला ४०० चा आग्रह धरला, पण तुमची गरज ऐकून मला मीटिअर योग्य वाटते. माझा रस्ता चौपदरी, तुमचा घाटाचा. हायवेला आलात तर ताशी ऐंशी-नव्वदला निवांत चालवा, त्याच्या वर त्या इंजिनाला ताणण्यात अर्थ नाही. ट्रॉल्या ओलांडताना पुढचा रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत थांबा.

चंदगडकर

आंबोलीला जाताना पाटणे फाट्याला चहाला थांबा, मी तिथंच असतो. गाडी बघायला आवडेल.

जांबोटीरोड (धागाकर्ता)

मीटिअर ठरली. खानापुरात एन्फिल्डचं काम करणारे मिस्त्री चौकशी करून बघितले, हाताला चांगले आहेत म्हणतात. वरचं व्हेरियंट न घेता खालचंच घेतोय आणि पाठीचा आधार वेगळा बसवणार, तेवढ्यानं बजेट आटोक्यात येतं. स्प्लेंडर विकत नाही. एक्स्चेंजला जो भाव देऊ केला त्यात तिच्या इंजिनाचाही मान राहत नव्हता. ती बाबांना शेताकडं जायला आणि मला रोजच्या कामाला राहील, मोठी गाडी घाटासाठी आणि आईच्या दवाखान्यासाठी. कर्ज सोसायटीतून अर्धंच काढतोय, बाकी साठवलेलं आहे.

काका, पाडव्याला गाडी आली की लगेच सावंतवाडीला नेली तर चालेल का? सासूबाईंना पूजेनंतर पहिल्यांदा दाखवायचीय.

मिस्त्री_अनगोळ

चालवायला हरकत नाही, पण आधी दोन-तीन दिवस एकट्यानं, मोकळ्या रस्त्यावर. कित्तूरपर्यंत जाऊन या. पहिले पाचशे किलोमीटर इंजिन ताणायचं नाही आणि एकाच स्पीडवर तासभर धरून ठेवायचं नाही, स्पीड कमी-जास्त करत राहा. नव्या टायरवर मेण असल्यासारखा गुळगुळीतपणा असतोय, तो शंभरेक किलोमीटरनं जातो, तोवर वळणात झुकवू नका. पहिली सर्व्हिस सांगितलेल्या मुदतीत करा, वॉरंटी त्यावरच असती. चेन पावसाळ्यात दर ओल्या राइडनंतर पुसून तेल. लाल मातीसारखं चेनला वाईट काही नाही, ती तेलात मिसळली की चेन घासून काढते.

रामलिंगखिंड

अभिनंदन. बुकिंगच्या सही आधी कोटेशनमधल्या ओळी एकेक वाचा. हँडलिंग चार्ज, लॉजिस्टिक, न मागितलेली ॲक्सेसरी असं काही घातलं असेल तर काढायला सांगा. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणून दाखवलं की तेही कमी करतात. झिरो डेप, म्हणजे क्लेमला सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा घ्या, प्लॅस्टिकचे भाग महाग असतात. सोसायटीचा बोजा आरसीवर चढणार, कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ घेऊन तो उतरवायला विसरू नका.

जांबोटीरोड (धागाकर्ता)

उद्या कोटेशन हातात येतंय. नाव-नंबर झाकून त्याचा फोटो इथं टाकतो, सही त्यानंतरच. आईसाठीच्या पायरीचा भाव त्यात धरलाय का ते पण बघून सांगा.